शैक्षणिक साधने : खडू, फळा, फियॉर्ड

परब सरांनी व्हिसाच्या फॉर्ममध्ये खरं तेच लिहिलं, आणि तिथून सगळं बिघडायला सुरुवात झाली.

‘प्रवासाचा उद्देश’ असा एक रकाना होता. त्याच्यापुढे पर्यटन, व्यवसाय, नातेवाइकांची भेट, वैद्यकीय उपचार आणि इतर अशा चौकटी होत्या. जगातला कुठलाही शहाणा माणूस पर्यटनापुढे खूण करतो आणि पुढच्या रकान्याला लागतो. पण गुणाजी परब यांनी विक्रोळीच्या एका मराठी शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवला होता. अर्धवट उत्तराला अर्धेच गुण मिळतात, हे त्यांनीच हजारो मुलांना बजावलं होतं. त्यांनी पर्यटनाची चौकट रिकामी सोडली, ‘इतर’वर खूण केली आणि पुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘शिकवणे’. फॉर्म इंग्रजीत असल्यामुळे तेही इंग्रजीत.

व्हिसा केंद्रातल्या मुलीने फॉर्म पाहिला, सरांकडे पाहिलं आणि आतून मोठ्या बाईंना बोलावून आणलं. शिकवणं म्हणजे काम, कामाला वेगळा परवाना लागतो, असं बाईंचं म्हणणं पडलं. नॉर्वेतल्या कुठल्या शाळेत शिकवणार, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, नॉर्वेत नाही, विक्रोळीत. मग विक्रोळीत शिकवायला नॉर्वेला कशाला जायचं, असं बाईंनी विचारलं, आणि प्रश्न तसा वाजवीच होता.

“फियॉर्ड तिकडे आहे म्हणून,” सर म्हणाले.

यातला शब्दन् शब्द खरा होता. त्याचा काही उपयोग झाला नाही. फॉर्म परत आला.

आता फियॉर्ड म्हणजे काय, हे ज्यांचा तो तास बुडला असेल त्यांच्यासाठी सांगायला हवं. थंड प्रदेशात बर्फाची नदी असते. ती इतकी हळू चालते की तिच्यापुढे आपली सरकारी फाईल धावत सुटल्यासारखी वाटेल. पण वजन अफाट. ही हिमनदी डोंगर खरवडत खरवडत समुद्राकडे जाते, जसा श्रीखंडाच्या वाडग्यातून कोणी डाव ओढत न्यावा. हजारो वर्षांनी बर्फ वितळतं, मागे खोल दरी उरते आणि समुद्र त्या दरीतून आत शिरतो. दोन्ही बाजूंना भिंतीसारखे उभे कडे, मध्ये काळंभोर खोल पाणी. तो फियॉर्ड. परब सर तो फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी काढत. दर वर्षी दोन तुकड्या, अशी चौतीस वर्षं. म्हणजे अडुसष्ट वेळा त्यांनी फियॉर्ड काढला होता, आणि अडुसष्ट वेळा पुसला होता.

निवृत्त झाल्यावर सर संध्याकाळी इमारतीतल्या मुलांना घरी शिकवत. त्यात चौथ्या मजल्यावरची श्रुतिका होती. सरांच्याच जुन्या शाळेतली. ही मुलगी हुशार होती, पण तिचं एक होतं, की पटल्याशिवाय ती वहीत काही उतरवत नसे. गेल्या जानेवारीत सरांनी फियॉर्ड रंगवून सांगितला. ती पेन्सिल चावत ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, “सर, तुम्ही पाहिलाय?”

“नाही गं.”

“मग तुम्हाला कसं माहीत, तो असाच असतो?”

पुस्तकात आहे, असं सर म्हणाले. पुस्तक लिहिणाऱ्याने तरी पाहिला होता का, असं तिने विचारलं. सर उठून पाणी प्यायले. मुलगी उद्धटपणाने बोलत नव्हती, हेच तर दुखणं होतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. सरांनी आजवर पाहिलेली समुद्राची सगळ्यात मोठी घुसखोरी म्हणजे विक्रोळीच्या टोकाची, खारफुटीपलीकडची ठाण्याची खाडी. तिथे कडे नव्हते. असलाच तर डासांचा कडेकोट होता.

चार दिवस सरांनी नकाशे चाळले. पाचव्या दिवशी त्यांनी पत्नीला, रत्नप्रभाबाईंना, सांगितलं की आपण नॉर्वेला जायचं. रत्नप्रभाबाई सिंधुदुर्गातल्या आचऱ्याच्या. चौतीस वर्षं त्या सरांना माहेरच्या जत्रेला चला म्हणत होत्या आणि चौतीस वर्षं सरांना पेपर तपासायचे होते.

“फियॉर्ड म्हणजे खाडीच ना?” त्यांनी विचारलं. “आचऱ्याक पण खाडी आसा.”

सर म्हणाले, ही डोंगरांतली खाडी. आचऱ्याला डोंगरही आहेत, असं बाईंनी लक्षात आणून दिलं. मग सरांनी जेवणाच्या ताटात भात बाजूला सारून आमटीचा फियॉर्ड करून दाखवला. बाईंनी तो पाहिला आणि जायला तयार झाल्या. अट एकच, दोन वेळ वरण-भात मिळाला पाहिजे. त्यामुळे मराठी लोकांना जगभर पोह्यांसकट फिरवून आणणाऱ्या एका सहल कंपनीत नाव नोंदवलं. जून अखेरीचे नऊ दिवस. त्यातल्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता फियॉर्ड.

इथवर हा साधा प्रवास होता. पण मास्तर माणसाला चांगली गोष्ट एकट्याने पाहता येत नाही. काही चांगलं दिसलं की त्याचा हात आपोआप खडू शोधतो. सरांनी हिशोब केला. नॉर्वेत सकाळचे नऊ म्हणजे विक्रोळीत दुपारचे साडेबारा. शाळा दुपारची. जूनमध्ये श्रुतिका नववीत जाईल. पहिला तास बारा चाळीसला. तो तास आपण फियॉर्डवरून घ्यायचा, फोनवर, वर्गातल्या टीव्हीवर मुलांना दाखवत. निवृत्तीला तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत सरांना एकही वर्ग मिळाला नव्हता, आणि आता मिळणार तो असा, की त्यात फळ्याच्या जागी खरा फियॉर्ड. या विचाराने ते इतके खूश झाले की त्यांनी त्याच दिवशी शाळा गाठली.

मुख्याध्यापिका माधुरीबाई ही सरांचीच जुनी विद्यार्थिनी. सरांना नाही कसं म्हणू, असं ती म्हणाली, आणि मग मुख्याध्यापकांच्या पद्धतीने हो म्हणाली. म्हणजे अर्ज द्या. पालकांची संमतिपत्रं आणा, की आमच्या पाल्यास परदेशातून शिकवण्यास हरकत नाही. आणि पाठाचं टाचण. सरांनी टाचण लिहिलं. उद्दिष्ट, हिमनदीच्या खननकार्याची ओळख. शैक्षणिक साधने, खडू, फळा, फियॉर्ड. टाचण दुसऱ्या दिवशी परत आलं. ‘अध्यापनाचे स्थळ’ या रकान्यात पिनकोड नव्हता.

आणि याच उत्साहात सरांनी व्हिसाच्या फॉर्मवर ‘शिकवणे’ लिहिलं होतं.

शेवटी माधुरीबाईंनी शाळेच्या लेटरहेडवर पत्र दिलं, की श्री. परब हे सदर तास स्वेच्छेने घेणार असून त्यांना कोणतंही मानधन देण्यात येणार नाही. शाळेच्या कारकुनाने हे वाक्य एका दमात, कागदाकडे न बघता टाइप केलं. त्याच्या हाताला त्याची सवय होती. सरांनी या वेळी पर्यटनावर खूण केली, खाली टीप लिहून पत्र जोडलं, आणि तीन आठवड्यांनी व्हिसा आला. हा गृहस्थ नॉर्वेतल्या कोणाचीही नोकरी खाणार नाही, याची त्या देशाला खात्री पटली होती.

व्हिसा आल्याची बातमी फुटली तशी इमारतीतले सल्ले सुटले. सेक्रेटरी हर्षदभाई अकरा वर्षांपूर्वी सहा दिवस स्वित्झर्लंडला जाऊन आले होते आणि तेव्हापासून युरोप खंडाचा कारभार बघत होते. जूनमध्ये तिकडे सूर्य मावळायचं नावच घेत नाही, झोप लागत नाही, काळे पडदे बरोबर न्या, असं त्यांनी सांगितलं. तिकडच्या खिडक्यांची मापं द्यायला ते विसरले, एवढंच. तळमजल्यावरच्या पॉल परेरांनी पडद्यांचा विषय तिथेच संपवला. पॉल मूळ विक्रोळी गावचे, बावीस वर्षं बोटीवर इंजिनखात्यात काढलेली.

“मास्तर, पडदे-बिडदे सोडा. ऊन असतं ते दाखवायला, थंडी असते ती खरी. हे घ्या.”

हे म्हणजे पलंगाखालच्या पेटीतून निघालेलं एक जाकीट होतं. रंग भडक नारिंगी, हातांवर आणि पाठीवर चकाकणारे चंदेरी पट्टे. पॉल सहा फूट, सर पाच फूट चार. जाकीट घातल्यावर सर ‘पुढे काम चालू आहे’च्या पाटीसारखे दिसू लागले. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण पॉलची बायको व्हायोलेट ते धुऊन, इस्त्री करून घेऊन आली होती. रत्नप्रभाबाईंना मात्र ते आवडलं. गर्दीत हरवणार नाहीत, असं त्या म्हणाल्या.

सरांनी रंगीत तालीम करायची ठरवली. तालमीसाठी गच्ची हवी होती आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे. हर्षदभाईंनी अर्ज मागितला. सरांनी कारण लिहिलं, ‘नॉर्वेची तालीम’. नियमावलीत गच्चीचे तीनच उपयोग दिले आहेत, वाळवण, झेंडावंदन आणि टाकी साफ करणं, यात नॉर्वे कुठे बसवू, असं हर्षदभाईंनी कळवळून विचारलं. अर्धा तास वाद झाला. शेवटी वहीत ‘टाकीची पाहणी’ अशी नोंद झाली आणि मे महिन्याच्या भर दुपारी परब सर ते नारिंगी जाकीट घालून पाण्याच्या टाकीशेजारी उभे राहिले. टाकी म्हणजे फियॉर्ड. खाली पार्किंगमध्ये श्रुतिका आणि आणखी चार मुलं फोनसमोर बसली. सरांच्या कपाळावरून घाम असा वाहत होता की हिमनदी वितळणं वेगळं समजवावं लागलं नाही. पाऊण तासाचा पाठ शाळेच्या तासाच्या पस्तीस मिनिटांत चोख बसला. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत.

तालीम इतकी सुरेख झाली की नाटकवाला असता तर घाबरला असता. चांगल्या तालमीनंतर प्रयोग पडतो, हे मास्तरांना ठाऊक नसतं.

नॉर्वेच्या विमानतळावर रत्नप्रभाबाईंची बॅग उघडायला लावली. आत कुळथाच्या पिठाच्या नऊ पुड्या होत्या, दिवसाला एक, कारण परक्या मुलखात पोट बिघडलं तर पिठीसारखं औषध नाही. अधिकाऱ्याने तपकिरी पूड बोटावर घेतली आणि प्रश्नार्थक पाहिलं. सर पुढे झाले. कुळीथ कुठल्या हवामानात येतो, जांभ्या दगडाच्या जमिनीत दुसरं कडधान्य का तग धरत नाही, भाताच्या कापणीनंतर उरलेल्या ओलाव्यावर तो कसा वाढतो, हे त्यांनी शांतपणे, मुद्देसूद सांगायला घेतलं. आठव्या मिनिटाला अधिकाऱ्याने स्वतःच्या हाताने बॅगची चेन लावून दिली. सर सिंधुदुर्गाच्या सरासरी पर्जन्यमानापर्यंतही आले नव्हते.

सहलीत छत्तीस माणसं होती. बोरिवली, डोंबिवली, मुलुंड, आणि बरीचशी मूळ तळकोकणातली. सहल सांभाळणारा प्रीतम हा सत्तावीस वर्षांचा उमदा पोरगा होता. एका हातात झेंडा, गळ्यात छोटा कर्णा, आणि चेहऱ्यावर कायम छत्तीस माणसं मोजत असल्याचा भाव. गुरुवारी नऊची बोट नक्की ना, असं सरांनी त्याला पहिल्या पाच दिवसांत चौदा वेळा विचारलं. पंधराव्या वेळी त्याने विचारण्याआधीच सांगितलं.

गुरुवार उजाडला. सर पाचला उठून तयार होते. पिशवीत टाचण, खडूंची पेटी, घडी घालता येणारा काळा पुठ्ठा. साडेसातला न्याहारीला उपमा होता, आणि डोंबिवलीच्या एका जोडप्याने तो दुसऱ्यांदा घेतला. तेव्हा सरांनी, आयुष्यात प्रथमच, दुसऱ्याच्या ताटाकडे घड्याळ धरून पाहिलं. पण बस वेळेवर सुटली. सरांचं काळीज परीक्षेला निघालेल्या मुलासारखं उडत होतं. वळणामागून वळण, देवदारांसारखी उंच झाडं, छपरांवर गवत उगवलेली लाकडी घरं, कुरणात घंटा वाजवणारी मेंढरं, दरीत कोसळणारे ओहोळ. सर प्रत्येक वळणाला काचेला नाक लावत. रत्नप्रभाबाई म्हणाल्या, छपरावर गवत वाढू देतात म्हणजे इथे सेक्रेटरी नसावा.

आणि मग बस शेवटच्या वळणाने धक्क्यावर उतरली, आणि सगळ्यांनी पाहिलं की पाहण्यासारखं काही नाही.

धुकं होतं. आपल्याकडे घाटात असतं तसं विरळ, फिरतं धुकं नव्हे. कापूस ठासून भरलेल्या उशीसारखं. बोट दिसत होती, बोटीखाली दोन हात पाणी दिसत होतं, आणि तिथे जग संपत होतं. प्रीतमने कर्ण्यातून आनंदाने जाहीर केलं की आपण आता जगातल्या सर्वांत सुंदर ठिकाणांपैकी एकात शिरत आहोत. मंडळींनी काढलेले कॅमेरे परत पिशव्यांत ठेवले.

डेकवर सरांचं नारिंगी जाकीट एवढी एकच वस्तू लांबून ठळक दिसत होती. पाचव्या मिनिटाला एका परदेशी बाईंनी त्यांना बोटीवरचा माणूस समजून स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं. सरांना ते ठाऊक होतं, कारण अशा गोष्टी त्यांना पहिल्याने बघून ठेवायची सवय. त्यांनी दाखवलं. मग एका आजोबांनी पाणी किती खोल आहे ते विचारलं. सरांना तेही ठाऊक होतं. कुठे दोनशे साठ मीटर, आणि फियॉर्डच्या तोंडाशी पाणी उथळ का असतं, तेही ठाऊक होतं. दहा मिनिटांत सरांभोवती वेगवेगळ्या देशांचे चौदा प्रवासी जमले. सर धुक्यात हात फिरवून इथे कडा आहे, तिथे दरी आहे असं सांगत होते, आणि काहीच दिसत नसल्यामुळे कोणाला खोडून काढता येत नव्हतं. खराखुरा खलाशी निळं जाकीट घालून आला, मागे उभा राहून थोडा वेळ ऐकलं, आणि मान डोलवत निघून गेला.

नऊ वाजून दहा झाले. सरांनी फोन लावला.

विक्रोळीत नववीच्या वर्गात एक्केचाळीस मुलं, माधुरीबाई आणि भिंतीवरचा टीव्ही सज्ज होते. सरांनी घसा साफ केला, “मुलांनो,” म्हणाले, आणि कॅमेरा फियॉर्डकडे वळवला.

“सर,” माधुरीबाईंचा आवाज आला, “पडदा पांढरा दिसतोय. टीव्ही गेलाय की नॉर्वे?”

सरांनी धुक्याची कल्पना दिली. मुलं सोशिक होती. त्यांनी पाच मिनिटं पांढरा पडदा पाहिला. सरांनी काळा पुठ्ठा उघडला, खडू काढला. पण डेकवरच्या दमट हवेत पुठ्ठा ओला झालेला, त्यावर खडू उमटेना. मग चित्रच गेलं. कड्यांच्या आड शिरल्यावर फोनला एकच रेघ उरली आणि आवाज तेवढा राहिला. सर टाचणातलं पाठ म्हणू लागले. हिमनदी, खनन, उभे कडे. आपलाच आवाज त्यांना अडुसष्टाव्या तासासारखा वाटू लागला. हे तर त्यांना घरच्या खुर्चीतूनही सांगता आलं असतं. पस्तीस मिनिटांतली पंधरा संपली. पलीकडे बाकं वाजू लागली होती. वर्ग हातातून सुटायला लागला की आधी बाकं वाजतात, हे सरांइतकं कोणाला ठाऊक असणार?

“सर,” श्रुतिकाचा आवाज आला, “तुम्हाला तरी दिसतोय का?”

सरांनी धुक्याकडे पाहिलं. चार हजार मैलांवरून हो म्हणून टाकणं सोपं होतं.

“नाही गं,” ते म्हणाले.

पलीकडे कोणीतरी हसलं. सरांनी टाचणाची घडी घातली आणि खिशात ठेवली. तास आवरता घ्यावा, मुलांचं गणित तरी होईल, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात प्रीतमने कर्ण्यातून सांगितलं, की मंडळी, डावीकडे इथला प्रसिद्ध धबधबा आहे. सात धारा एकमेकींशेजारी पडतात म्हणून त्याला सात बहिणी म्हणतात. आज दिसत नाहीत, पण आवाज ऐका. खरंच, धुक्यामागून पाणी पडल्याचा घोष येत होता.

रत्नप्रभाबाई बाकावरून उठल्या. डोंगरात, पाण्याच्या काठी, सात बहिणी. नॉर्वेकरांनी त्यांना काय नाव दिलं असेल ते असो, आचऱ्याच्या माणसाला हे कोण, ते सांगावं लागत नाही. या साती आसरा, पाण्याच्या देवता. आणि आसरांच्या पाण्यावरून मुकाट्याने जायचं नसतं, मग ते पाणी कोणत्या का देशाचं असेना.

“मेल्यांनी तोंड झाकून घेतलानी ता उगाच नाय,” त्या म्हणाल्या. “कोणी गाऱ्हाणांच घालूक नाय.”

गाऱ्हाणं घालणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालणं, हे घरातल्या पुरुषाचं काम, पण घरातला पुरुष फोनवर होता. बाईंनी पदर खोचला, कठड्याशी जाऊन हात जोडले आणि खड्या आवाजात सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा! साती आसरांनो! आज ही तुमची लेकरां मुंबैसून तुमच्या दारात इलीत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” असा छत्तीस माणसांचा आवाज उठला. हे शिकवावं लागत नाही. तळकोकणातल्या माणसाला झोपेतून उठवलं तरी तो इथे व्हयच म्हणतो, आणि उरलेल्यांनी त्यांचं ऐकून म्हटलं. त्या चौदा परदेशी पाहुण्यांनीही ओठ हलवले.

आवाज विरला. आणि धुक्याच्या आतून, डावीकडून, कोणीतरी मोठ्याने उत्तर दिलं.

“…व्हय म्हाराजा!”

रत्नप्रभाबाईंचे हात जोडलेलेच राहिले. बोरिवलीच्या एका काकांनी टोपी काढली. तेवढ्यात उजवीकडून, लांबून, हलक्या आवाजात दुसऱ्यांदा व्हय आलं.

परब सरांचा चेहरा पालटला. इमारतीतली मुलं तो चेहरा ओळखतात. त्यांनी फोन तोंडाशी धरला.

“मुलांनो, ऐकलंत? तो कडा होता! कडा बोलला! घड्याळं असतील त्यांनी घड्याळं काढा, नसतील त्यांनी मनात आकडे म्हणा. परत आवाज देतो. आवाज गेल्यापासून परत येईपर्यंत किती सेकंद, मोजा. रत्ना, आणखी एकदा!”

गाऱ्हाणं असं फुकटचं म्हणता येत नाही, काहीतरी मागावं लागतं. रत्नप्रभाबाईंनी धुकं दूर करायची मागणी घातली. व्हय म्हाराजा. प्रीतमने गळ्यातला कर्णा काढून सरांच्या हातात दिला होता आणि स्वतः फोन उंच धरला होता. वर्गातून उत्तरं आली एकपासून सातपर्यंत सगळी. सर खूश झाले. एकदा मोजून भागत नाही, पुन्हा मोजू, असं ते म्हणाले. दुसऱ्या वेळी बाईंनी सर्वांच्या गुडघ्यांना आराम मागितला. त्याला आलेलं व्हय इतकं मनापासून होतं की पलीकडचा कडा दुमदुमला. तिसऱ्या वेळी प्रीतमचं लगीन ठरू दे म्हणून घातलं. चौथ्या वेळेला बाईंकडे मागण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा बाजूच्या डोंबिवलीकर बाईंनी आपल्या सुनेला सुबुद्धी मागायचं सुचवलं.

विक्रोळीत आता बाकं वाजत नव्हती. एक्केचाळीस मुलं एका आवाजात आकडे मोजत होती, आणि ते मोजणं फोनमधून बोटीवर ऐकू येत होतं. डावीकडचा कडा दोन सेकंदांवर. उजवीकडचा पाच. आवाज एका सेकंदात तीनशे चाळीस मीटर जातो, हे विज्ञानाच्या तासाला झालेलं. काढा तर मग, दिसत नसलेला फियॉर्ड किती रुंद आहे.

कागदांची सळसळ. मग उत्तरं येऊ लागली. डावा कडा तीनशे चाळीस मीटर. उजवा आठशे पन्नास. बेरीज, सर, अकराशे नव्वद. सर प्रत्येकाला शाबासकी देत होते. माधुरीबाई स्वतः मागे बसून गणित सोडवत होती, हे तिने नंतर कबूल केलं.

“श्रुतिका, तुझं?”

“सर, माझा डावा कडा सहाशे ऐंशीवर आहे. सगळे दोनने भागतायत. मी नाही भागलं.”

“का?”

“का भागायचं ते कळलं नाही. सगळे भागतात म्हणून मी नाही भागणार.”

त्याच वेळी सरांच्या पाठीमागे काहीतरी झालं. छत्तीस मुंबईकर एकदम गप्प झाले. कोणीतरी “अगो बाय माझे” एवढंच म्हणालं. डेकच्या ओल्या फळ्यांवर सरांच्या पायाशी एकाएकी त्यांची सावली पडली, लांब आणि स्पष्ट, कारण ऊन आलं होतं. रत्नप्रभाबाईंनी नारिंगी बाही ओढली.

“अहो, मागे बघा.”

“थांब गं.”

“अहो, सातही दिसतायत. वरपर्यंत बर्फ दिसतोय. धुकं पुन्हा येईल.”

“एक मिनिट थांब, रत्ना,” सर म्हणाले, आणि प्रीतमच्या हातातून फोन घेऊन कानाशी घट्ट धरला. “श्रुतिका, आम्ही ओरडलो तेव्हा आवाज कुठे होता?”

“तुमच्याजवळ.”

“दोन सेकंदांनी तुम्हाला परत ऐकू आला तेव्हा?”

“तेव्हा पण तुमच्याजवळ.”

“मग मधल्या वेळात कुठे होता?”

पलीकडे शांतता. मग शाळेची घंटा झाली, लांबलचक, तास संपल्याची. एकही बाक वाजलं नाही. सर थांबून राहिले. मुलगी विचार करत असताना मध्ये बोलायचं नसतं. तिला जितका वेळ लागेल तितका वेळ द्यायचा असतो, पाठीमागे जगातलं काहीही उघडं पडलेलं असो.

“कड्यापर्यंत गेला होता,” ती हळूहळू म्हणाली. “म्हणजे… एका सेकंदात गेला. आणि एका सेकंदात परत आला. सर, तो दोनदा चाललाय. कडा एकाच सेकंदावर आहे.”

“मग काय करायचं?”

“दोनने भागायचं,” श्रुतिका म्हणाली, जणू सरच इतका वेळ अडून बसले होते. “भागावंच लागणार ना सर.”

“बरोबर. बस खाली,” परब सर म्हणाले, आणि मग वळले.